अठरा मिनिटांचा राजमा

जेवणाचे फोटो काढणं हा माझा धंदा, आणि हा धंदा सुरू केल्यापासून मला जेवणाची शिसारी बसली आहे. तुम्ही कृतीच्या कार्डावर जी चकचकीत भाजी बघता, तिच्यावर मी ब्रशने तेल फासलेलं असतं. सुपातल्या भाज्या वर तरंगाव्यात म्हणून वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या घातलेल्या असतात. वाफ हवी असेल तर ओल्या कापसाचा बोळा गरम करून ताटामागे दडवायचा. दूध म्हणून पांढरा गोंद ओतायचा, कारण खरं दूध दिव्याखाली पिवळट दिसतं. आणि भाजी कधीही पूर्ण शिजवायची नाही. शिजली की रंग जातो, कडा मऊ पडतात, फोटोत ती आजारी दिसते. काम संपलं की सगळं काळ्या पिशवीत. ती तेलकट, कोमट, जड पिशवी रोज मीच खाली नेऊन टाकायचो आणि घरी जाऊन बायकोला सांगायचो की मला भूक नाही.

आमची कंपनी कामावरून दमून येणाऱ्या घरांसाठी होती. दर रविवारी दोनशे चौदा घरी एकेक खोकं जायचं. त्यात पाच रात्रींच्या जेवणाचं कच्चं सामान मोजून पुड्यांत बांधलेलं आणि वर पाच कार्डं, सोमवार ते शुक्रवार. कार्डाच्या पुढच्या बाजूला माझा फोटो, मागे कृती. खालच्या मजल्यावर पुड्या बांधायच्या, वरच्या मजल्यावर एक स्वयंपाकघर, एक खिडकी आणि मालकाचं टेबल.

मालक चौतिशीचा. पांढरे बूट घालायचा आणि ते पांढरेच राहायचे, यावरून माणसाने काय काम केलं असेल ते समजून घ्या. वाटाणे शेंगेत असतात हे त्याला कंपनी काढल्यानंतर कळलं. त्याचा एकच मंत्र होता, 'वीसच्या आत'. जेवण वीस मिनिटांच्या आत व्हायला हवं. वीसच्या पुढचा आकडा छापला की दमलेला माणूस कार्ड बाजूला ठेवतो, असं तो म्हणायचा. स्वतः मात्र दुपारी दोन-दोन तास जेवायचा, तेही बाहेरून मागवून.

आणि आमच्याकडे काकू होत्या. वय सत्तावन्न, अंगाने हडकुळ्या, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधलेली. बावीस वर्षं त्यांनी टपाल खात्यात पत्रं निवडण्याचं काम केलं होतं. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, घरी दोन मुली. सहाला ड्यूटी संपायची आणि साडेसातला ताटं मांडलेली असायची, बावीस वर्षं. आमच्याकडे त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. थोरल्या लेकीच्या घरी आमचं खोकं यायचं. काकूंनी त्यातली पाच कार्डं लाल पेनाने दुरुस्त केली आणि टपालाने परत पाठवली. चौथ्या कार्डावर लिहिलं होतं, 'हे लिहिणाऱ्याने कांदा स्वतः चिरून पाहावा.' मालकाला वाटलं, अशी एक काकू दाखवायला बरी, आणि त्याने त्यांना कामावर ठेवलं. दुसऱ्या महिन्यापासून प्रत्येक कार्डाखाली छापून यायला लागलं, 'आमच्या काकूंनी करून पाहिलंय!'

मालकाला ते शोभेचं वाक्य वाटत होतं. काकू खरंच करून पाहायच्या, आणि कसं पाहायच्या ते सांगितल्याशिवाय त्या कळायच्या नाहीत. त्या खांद्याला पिशवी लावून स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि तिथून घड्याळ सुरू करायच्या. मग कुलूप काढायचं, चपला काढायच्या, हात धुवायचे. मला सांगून ठेवलेलं असायचं की मधेच दोन प्रश्न विचार, अगदी मुलं विचारतात तसे. मी विचारायचो, 'माझी निळी वही कुठंय?' त्या उत्तर द्यायच्या आणि कांदा सोलायला घ्यायच्या. कमरेवर पाच किलो कणकेची पिशवी मूल कडेवर घेतल्यासारखी धरायची आणि एका हाताने भाजी परतायची. घड्याळ थांबायचं ते शेवटची कढई घासून पालथी घातल्यावर. असं केल्यावर मालकाचं वीस मिनिटांचं जेवण बावन्न मिनिटांवर जायचं.

मालकाची पद्धत सोपी होती. भाजी चिरून वाट्यांत मांडून ठेवायची आणि मग घड्याळ लावायचं. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "या वाट्या कोणी भरल्या?" मालक हसला. त्याला तो विनोद वाटला.

पण काकू नुसत्या कुरकुरणाऱ्यांतल्या नव्हत्या. वीस तर वीस, पण हाताला काम असलेली वीस, असं म्हणून त्यांनी आठवडाच तसा बांधला. सोमवारी कोणाच्याच अंगात जीव नसतो, म्हणून अंडी आणि पालेभाजी, एका तव्यात. मंगळवारी एका भांड्यातला भात, भरपूर भाज्या घालून. बुधवारी आदल्या रात्रीचं उरलेलं कामी येईल असं काहीतरी, आणि झोपायच्या आधी राजमा भिजत टाकायचा. गुरुवारी त्याच राजम्याचं दाट सूप आणि पाव. ते चुलीवर शिजत राहतं, तोवर माणूस मुलांचा अभ्यास घेऊ शकतो. शुक्रवारी मुलांच्या हातून होईल असं. गुरुवारच्या कार्डासाठी काकूंनी लिहून दिलं होतं, 'आधी खळखळ उकळी, मग चाळीस मिनिटं. यातली तीस मिनिटं तुम्ही मोकळ्या आहात.' या दुसऱ्या वाक्याचा त्यांना फार अभिमान होता.

त्या सुपाचा फोटो होता त्या दिवशी काकूंना डोळे तपासायला जायचं होतं. राजमा त्यांनी आदल्या रात्रीच भिजत टाकून ठेवला होता. मी दोन वाजता तो चढवला. आमच्या खिडकीतला चांगला उजेड तीनपर्यंतच असतो. रंग टिकावा म्हणून आच मंद ठेवली. अठराव्या मिनिटाला झाकण काढलं तर दाणे असे लालबुंद, एकाचंही साल फाटलेलं नाही. मी लगेच उतरवलं. एक दाणा चावून पाहिला, आत कच्चा, खडूसारखा. काळ्या पिशवीत थुंकलो, गोट्या घालून वाटी भरली आणि झकास फोटो काढला. भिंतीवर एक फळा होता. कुठली गोष्ट कितव्या मिनिटाला उतरवली की रंग चांगला येतो, हे मी माझ्यासाठी त्यावर लिहून ठेवायचो. तिथे मी लिहिलं, 'राजमा १८'.

कार्डं जुळवणारी बाई संध्याकाळी वर आली. काकूंच्या चिठ्ठीवर चाळीस, माझ्या फळ्यावर अठरा. तिने मालकाला विचारलं. मालक माझ्या फोटोकडे बघून म्हणाला, "फोटोत शिजलेला दिसतोय ना? मग झालं तर." मी तिथेच दिव्यांच्या वायरी गुंडाळत होतो. मी ऐकलं. पण मला घरी जायचं होतं, वाटलं काकू उद्या बघतीलच. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डं छापखान्यात गेली होती. मला आजही त्या वायरी गुंडाळणाऱ्या माणसाची किळस येते.

काकूंना ते कळलं मंगळवारी. दर आठवड्याला त्या एक खोकं स्वतःच्या घरी न्यायच्या आणि गिऱ्हाइकासारखं कार्ड वाचून स्वयंपाक करायच्या. त्या दिवशी सकाळी पुढची कार्डं चाळताना गुरुवारचं हाती लागलं. 'मंद आचेवर १८ मिनिटं. झालं तुमचं पौष्टिक जेवण!' आणि खाली, 'आमच्या काकूंनी करून पाहिलंय!' त्या जिना चढून आल्या तेव्हा मी गाजरांना तेल लावत होतो. त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि अठरा कुठून आले ते विचारलं. मी फळ्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या की टपाल खात्याच्या कँटीनमध्ये एकदा असाच अर्धाकच्चा राजमा झाला होता. अकरा माणसं दोन तासांत आडवी पडली, आणि एकीचं डोकं बादलीवर धरून त्या स्वतः बसल्या होत्या. ती धडधाकट बाई होती. इथे दोनशे चौदा घरांत पोरं होती.

त्या तडक मालकाकडे गेल्या, मीही मागे. सगळ्यांना आजच्या आज कळवू या, राजमा गुरुवारचा आहे, अजून दोन दिवस आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. मालकाने खुर्ची मागे झुकवली. कळवलं की बोभाटा होईल, म्हणाला. थोडंफार पोट बिघडतं, लोक रस्त्यावर काय काय खातात. पुढच्या रविवारी खोक्यात एक चिठ्ठी टाकू, 'चव अधिक खुलण्यासाठी राजमा जरा जास्त शिजवा' अशी.

"चव नाही साहेब, उलट्या," काकू म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी कशाला? गुरुवार आधी येतो."

मालकाने 'उलट्या' हा शब्द ऐकून नाक मुरडलं. त्याच्या टेबलावर अर्धं खाल्लेलं जेवण होतं, त्यावर त्याने झाकण ठेवलं. जेवताना असलं बोलू नये, असं तो मला म्हणाला, काकूंना नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तोंडातून एक अक्षर निघालं नाही. महिन्याला वीस फोटो मीच काढत होतो ना.

काकूंनी वाद घातला नाही. खाली जाऊन खोकी पोचवण्याची वही घेतली, तिच्यात सगळ्यांचे फोन नंबर होते, आणि जिन्याखालच्या टेबलावर बसल्या. मी विचारलं, आत्ताच सुरू करू या का? त्या म्हणाल्या, पाचच्या आधी कोणी फोन उचलत नाही, लोक कामावर असतात. पाच वाजता त्यांनी पहिला नंबर लावला. मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली. याला कोणी चांगुलपणा म्हणू नये, ती माझीच घाण होती.

लोक कसे असतात ते फोनवर कळतं. अर्ध्यांना वाटलं मी काहीतरी विकतोय. एकाने सांगितलं की ते खोकं अजून उघडलेलंच नाही, मागचंही नाही. एका घरी राजम्याची पुडी मुलीने शाळेत चित्रावर दाणे चिकटवायला नेली होती. आणि पुरुष. ज्या ज्या घरी पुरुषाने फोन उचलला, त्याने एकच वाक्य ऐकवलं, 'ते सगळं बायको बघते.' मी सांगायचो की राजमा अर्धाकच्चा राहील, मुलं आजारी पडतील, तिला एवढं सांगा. 'ती आली की तुम्हीच सांगा ना,' असं म्हणून फोन ठेवायचे. सतराव्या वेळी मला त्यांचा इतका वीट आला की विचारू नका. मग आठवलं की माझ्या घरी फोन आला तर मीही हेच म्हणेन.

मंगळवारी आठपर्यंत आमची शंभर घरं झाली. बुधवारी पाचला पुन्हा बसलो. सहाच्या सुमारास काकूंच्या फोनवर एक बाई बोलायला लागली आणि काकू एकदम ताठ बसल्या. त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. त्या बाईने राजमा सोमवारीच केला होता. सोमवारी तिला सगळ्यात जास्त घाई असते, आणि पाचांपैकी सगळ्यात कमी वेळ त्या कार्डावर होता. सकाळी भिजवून गेली, संध्याकाळी अठरा मिनिटं शिजवला. मुलगा सहा वर्षांचा. रात्रभर उलट्या, मंगळवारी दवाखान्यात सलाइन. आज दुपारी घरी आणलंय, झोपलाय. डॉक्टर म्हणाले बाहेरचं काही खाल्लं असेल.

काकूंनी विचारलं, आता कसा आहे. बरा आहे, ती म्हणाली. मग म्हणाली, "तो नको म्हणत होता हो. कडक लागतंय म्हणत होता, रडत होता. मला वाटलं भाजी नको म्हणून नाटकं करतोय. मीच समोर बसून वाटी संपवून घेतली. पौष्टिक होतं ना."

आम्हाला मालकाची ताकीद होती की गिऱ्हाइकापुढे चूक कधीही कबूल करायची नाही. काकू म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही, ताई. कार्डावरचा वेळ चुकीचा होता. चूक आमची आहे. माझी आहे." तेवढ्यात आत मुलगा उठला असावा, ती बाई गेली.

काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "मी मूर्ख बाई. मला वाटायचं, मी सोमवार लिहिला की लोक सोमवार पाळतात. दमलेल्या बाईने वारच का बघावा? ती आकडा बघणार." आणि पुढचा नंबर लावला.

साडेसातला मालक खाली उतरला. त्याला कुठल्याशा गिऱ्हाइकाने फोन करून आभार मानले होते. तो ओरडला नाही, ओरडायलाही थोडी लाज लागते. हसऱ्या आवाजात म्हणाला, काकू, तुम्ही फार मनावर घेता, तब्येत सांभाळा, उद्यापासून आला नाहीत तरी चालेल. मला म्हणाला की उद्या दोनला गाजरांचे फोटो आहेत. काकूंनी मान डोलावली आणि त्याच्यासमोरच पुढचा नंबर फिरवला. तो वही मागायला हात पुढे करून तसाच उभा राहिला. काकू बोलत राहिल्या, आणि थोड्या वेळाने हात खिशात घालून तो गेला.

बुधवारी रात्री दोनशे तेरा घरं झाली. एका घरी कोणी फोन उचलतच नव्हतं. गुरुवारी मी गाजरांचे फोटो काढले, होय, काढले, आणि साडेपाचला काकूंना त्यांच्या घरून स्कूटरवर घेऊन त्या पत्त्यावर गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काकू प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, आणि मला वरून काहीतरी शिजल्याचा वास येत होता.

दार एका साठीच्या बाईने उघडलं. हातात पळी, कमरेला फडकं. घरातल्या मुलांची ती आत्या, भाऊ-भावजय कामावरून यायचे होते. फोन कधीचा बिघडलाय, म्हणाली. काकूंनी दम खात विचारलं, राजमा चढवला का? आत्याबाई म्हणाली, चढवला काय, उतरवलासुद्धा. दुपारी चारपासून शिजत होता, आता हाताला लोण्यासारखा लागतोय. मागे टेबलावर दोन मुली चमचे घेऊन बसल्याच होत्या. काकूंनी दाराची चौकट धरली. त्यांच्या खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं मला दिसलं.

आम्ही कंपनीकडून आलोय, कार्डावरचा वेळ चुकलाय म्हणून सांगायला आलोय, एवढं काकू बोलल्या. आत्याबाईला आयतंच सापडलं. तिने आतून कार्ड आणलं आणि काकूंच्या नाकासमोर नाचवलं.

"अठरा मिनिटं म्हणे. ही तुमची काकू कोण आहे तिला माझा निरोप सांगा. म्हणावं, जन्मात कधी चुलीपुढे उभी राहिली नाहीस तर दुसऱ्याच्या लेकरांना कशाला शिकवतेस? पगार मिळतो म्हणून वाट्टेल ते लिहायचं? लाज वाटायला पाहिजे मेलीला."

काकू म्हणाल्या, "सांगते."

मी शेजारी उभा होतो. दोन हात अंतरावर. मला एवढंच म्हणायचं होतं की अठरा मी लिहिले, दाणा मी थुंकला, आणि या बाई गेले दोन दिवस जिन्याखाली बसून फोन करताहेत. तोंड उघडलं आणि विचारलं, प्यायला पाणी मिळेल का. आत्याबाईने पाणी दिलं. काकूंना तिने वाटीभर सूप दिलं, जिना चढून आलात म्हणाली. काकूंनी ते दारातच उभ्याने खाल्लं, वाटी विसळायला पाणी मागितलं, आणि छान झालंय म्हणाल्या.

जिना उतरताना मी म्हणालो, काकू, आत्याबाईला खरं काय ते माहीत नव्हतं, मनावर घेऊ नका. त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या.

"तिला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला माहीत होतं. तू बोलला असतास तर मला बरं वाटलं असतं."

मग त्या कठड्याला धरून हळूहळू पुढे उतरल्या. मी त्यांना घरी सोडलं. वाटेत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.